चाकाखालचं लिंबू

गाडी मागे सरकली तेव्हा हे तिच्याखाली आडवे पडले होते. पुढचं चाक छातीकडे येताना मी बघितलं.

हे म्हणजे माझा नवरा. पिकअप सासऱ्यांच्या वेळची. तिच्यातून आम्ही मुलुंड-भांडुपला शहाळी पोचवतो. तिचं इंजिन पार बाद झालं, म्हणून यांनी भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन आणलं आणि नाहूरच्या आमच्या शेडमध्ये बसवायला घेतलं. छताच्या लोखंडी गर्डरला साखळीची कप्पी लावली. एवढं धूड हवेत लोंबकळताना मी पहिल्यांदाच बघत होते. एका माणसाने साखळी ओढावी आणि ते बोटभर खाली यावं. चुलीवरचा भात करपला, तरी मी तिथेच.

इंजिन जागेवर टेकलं. दोन्हीकडचे बोल्ट आवळले. मग गिअरबॉक्स जोडायला हे खाली शिरले. धाकट्या दिराला वाटलं, झालं काम. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, मग नव्या इंजिनाला नको? गाडी शेडमधून मागेच निघणार, म्हणून लिंबू चाकामागे. तिथे अडणीचा दगड होता. याने तो काढला. शेड उतारावर, हँडब्रेक कधीचा मेलेला.

गाडी वीतभर सरकली आणि थांबली. इंजिनाची साखळी अजून सोडलेली नव्हती. ती तिरकी ताणली, गर्डर करकरला, आणि अख्खी गाडी त्या इंजिनाने धरून ठेवली. गाडीने इंजिन वाहायचं, इथे उलटंच. मी दगड उचलून चाकामागे कोंबला.

"दादा, आहेस ना रे?" दिराने वाकून विचारलं.

"मेल्या, ते लिंबू आता स्वतःच्या डोक्यावर पिळ!" खालून आवाज आला.

"तू जागचा हलू नकोस," मी दिराला म्हटलं. "कशालाच हात लावू नकोस."

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. पत्रे थरथरले, काळा धूर निघाला, गल्ली गोळा झाली. मी मात्र गर्डरकडे बघत होते. मधे थोडा वाकलाय. अजून तसाच आहे.

दुपारी दगड लागल्यावर हे गाडीखालून सरपटत बाहेर आले होते. शर्टावर टायरचा ठसा, आत बरगडीसुद्धा मोडलेली नाही. हे वाचले.