ज्यांचं वाढलं नाही त्यांच्यासाठी सूचना

पांढुर्ण्यात सरकारी घोषणा ऑटोतून व्हायच्या, आणि माइकवर तो असायचा. एक पाय पोलिओने गेलेला, आवाज मात्र जाम नदीपलीकडे सावरगावापर्यंत पोचणारा. नगरपालिकेत पेन्शनचं टेबल माझं, म्हणून मजकूर मी लिहून द्यायचो. बोलण्याआधी तो माइकवर दोन टिचक्या मारायचा.

सरकारच्या बहना योजनेत बायांना दर महिन्याला मिळणारे पैसे दोनदा वाढले. दोन्ही वेळा ती आनंदाची बातमी गावाला त्यानेच दिली. त्याची स्वतःची अपंग पेन्शन होती तिथेच. ती वाढावी म्हणून सगळ्या अपंगांच्या सह्या घेऊन त्याने माझ्याकडे अर्ज दिला होता.

"बाबूजी, अर्ज कुठवर गेला?"

"चालून राहिला."

"मंग माह्यापेक्षा बरा हाय," म्हणत तो हसायचा.

पुढच्या वाढीच्या वेळी माझा मजकूर संपल्यावर त्याने पुन्हा टिचक्या मारल्या. "अपंग, म्हातारे अन् विधवा यांनी गर्दी करू नये. त्यांचं काही वाढलं नाही."

नगरपालिकेतले आमचे साहेब भडकले. तो म्हणाला, "मागच्या खेपेले लोकं कुबड्या घेऊन पूल ओलांडून आले होते, साहेब. फुकटचा हेलपाटा कायले?"

त्याचं काम गेलं. मी कागद चाळत राहिलो. आता ऑटोत एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज फिरतो.

तो भेटला की अजून अर्जाचं विचारतो, आणि मी अजून "चालून राहिला" म्हणतो. अर्ज पहिल्या दिवसापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. साहेबांना आवडणार नाही, म्हणून मी तो पाठवलाच नाही.