गवताला ‘अहो’

गवताला ‘अहो’ म्हणणारा माणूस साऱ्या बंगळुरात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. नोकरी लागली म्हणून मी मल्लेश्वरमला त्यांच्या घरी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी परसातून आवाज आला, ‘‘काय, झोप झाली का? वाऱ्यानं त्रास दिला वाटतं.’’ पाहुणे आलेत असं समजून मी घाईघाईनं सदरा चढवून बाहेर गेलो. पाहतो तर आतोबा डोक्याला मफलर गुंडाळून पुरुषभर उंचीच्या गवताशी बोलत होते. त्यांनी रीतसर ओळखही करून दिली, ‘‘हे काश. हेब्बाळच्या तळ्याचे.’’

तळ्याकाठी हे गवत नुसतं माजलेलं असे. त्याची मुळं एकदा शिरली की नांगरालाही दाद देत नाहीत, म्हणून शेतकरी त्याला शिव्या घालत. आतोबांनी त्याचंच एक ठोंब सायकलला बांधून आणलं आणि जावयासारखं पोसलं. त्याला तळ्याची आठवण येऊ नये म्हणून बुंध्याशी पाणी तुंबवून ठेवत. त्यावर वाढलेले डास मात्र आम्हाला चावत. या गवतानं छप्पर शाकारतात, दोर वळतात, झाडू बांधतात, बांधाची माती धरून ठेवायला तर याच्यासारखं दुसरं नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण यातल्या एकाही कामासाठी एक पातं तोडू देत नसत. पावसाळा सरताना त्याला पांढरे शुभ्र तुरे फुटत आणि त्यांचा कापूस उडून थेट आत्याच्या ताकात पडे. ‘‘मला जन्मात कधी अहो म्हटलं नाहीत, आणि या तणाला मेल्या अहो-जाहो!’’ आत्या म्हणे. ‘‘ते उलट बोलत नाहीत,’’ आतोबा ताक गाळत सांगत.

त्यांची एकच इच्छा होती. दसऱ्याच्या पुष्पप्रदर्शनात काश उभे राहावेत. सात वर्षं त्यांनी अर्ज केला आणि सात वर्षं उत्तर आलं की प्रदर्शन फुलांचं आहे, चाऱ्याचं नाही. आठव्या वर्षी कुणाला दया आली कोण जाणे, दाराजवळचा एक कोपरा मिळाला. आतोबांनी काळा कोट इस्त्री करून आणला. गवत न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी ते हातगाडी ठरवायला गेले आणि आत्या देवळात गेली.

घरी मी होतो, आणि माझी एक वाईट खोड होती. कन्नडमध्ये कुणी काही विचारलं की न ऐकताच मी ‘सरी’ म्हणायचो, म्हणजे ‘बरं’, ‘बरोबर’. ‘‘आधी ऐक, मग सरी म्हण रे,’’ आतोबा बजावत, ‘‘नाहीतर एखाद दिवशी घर विकशील.’’ मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो होतो. कुंपणाकडचं गवत कापायला नेहमी येणारी अक्का दाराशी आली. ‘‘स्वल्प हुल्लु कोय्कोळ्ळला, अण्णा?’’ थोडं गवत कापून घेऊ का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, ‘‘सरी.’’

तिला गोठ्याचं छप्पर शाकारायचं होतं. तिच्या लेखी स्वल्प म्हणजे एक भारा. मी परसात गेलो तेव्हा तिथं वीतभर उंचीचे खुंट उरले होते.

आतोबा हातगाडीवाल्याला घेऊन आले. खुंटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. त्यांना सगळं कळलं असावं. हातगाडीवाल्याला त्यांनी परत पाठवलं आणि काळा कोट खुंटीला अडकवला. एवढ्यात आत्या आली. ‘‘अगंबाई, हे काय?’’ ती किंचाळली.

‘‘मीच कापलं,’’ आतोबा म्हणाले. ‘‘मधूनमधून कापावं लागतं. त्याशिवाय जोमानं येत नाहीत ते.’’

प्रदर्शनवाल्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, म्हणजे मलाही माफी मागता आली असती. आज मागू, उद्या मागू करत मी राहिलो आणि उन्हाळ्यात आतोबा गेले.

त्यानंतरच्या दसऱ्याला काश कधी नव्हे इतके भरघोस आले. पार कुंपणाबाहेरपर्यंत तुरे. आत्या परसात गेली. गवताला जन्मभर तण म्हणणारी माझी आत्या तुऱ्यांवरून हात फिरवत म्हणाली, ‘‘कसे फुललेत बघ. त्यांनी स्वतःच्या हातानं कापले ना, म्हणून. होय ना रे?’’

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, ‘‘सरी.’’