वारा सरेपर्यंत

लग्नाला वर्ष उलटलं तरी मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. राग नव्हता, रीत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी आधी खाकरायचे आणि सांगायचं ते भिंतीला सांगायचे, "चहा झाला का म्हणावं." घरात तिसरं माणूस नसलं तरी ते 'म्हणावं' सुटायचं नाही. मीही उत्तर चुलीला द्यायची. एरवी त्यांचा आवाज असा, की मळ्यातून हाक मारली तर हुपरीची एसटी थांबायची.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. हर्नियात त्यांचं आतडं अडकलं आणि कोल्हापुरात तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. नवऱ्याला रजा नव्हती, सासूबाई गुडघ्यांनी अधू. त्यामुळं उशाशी बसायची पाळी माझ्यावर आली. मी पदर सावरत स्टुलावर आणि मामंजी भिंतीकडं तोंड करून. "जेवून घे म्हणावं तिला," हे ते सलाइनच्या बाटलीला सांगायचे.

सिस्टरला असल्या रीतींशी देणंघेणं नव्हतं. खाटेशी यायची आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायची, "आजोबा, वारा सरला का?" वारा सरला म्हणजे आतडी कामाला लागली, तोवर पाण्याचा घोटही मिळायचा नाही. मामंजी नुसती मान हलवायचे. त्यांचे कान लाल, माझी नजर फरशीत. हळूहळू शेजारच्या खाटांवरचे पेशंटही चौकशी करायला लागले. कोल्हापूरच ते, कुजबुजत कोण विचारतंय!

वारा काही सरेना. पोट फुगून टणक झालं, नाकात नळी आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्यापर्यंत असंच राहिलं तर पोट पुन्हा उघडावं लागेल आणि ते या वयात झेपेल याची खात्री नाही. भिंतीशी बोलत का होईना, मला ते घरात हवे होते.

दुपारी सासूबाई लंगडत लंगडत किटलीभर पांढरा रस्सा घेऊन आल्या. सिस्टरनं किटली दारातच ठेवून घेतली. सासूबाईंनी आधी नवऱ्याचं पोट बघितलं, मग मला बघितलं.

"तू हितं कवापासनं बसलीयास?"

मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून, जागची हललेले नाही.

"मग कसा सरंल वारा? सुनंम्होरं? मरतील, पर न्हाय व्हायचं त्यास्नी. भायेर जा आधी."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. वाडीच्या दत्ताला नवस बोलले, पण कशासाठी ते मनातल्या मनात म्हणतानाही लाजले. बराच वेळ काही नाही. मग आतून जो आवाज आला, तो मळ्यातल्या हाकेच्या तोडीचा होता. वॉर्डात कुणीतरी टाळी वाजवली. मी तिथंच बसले आणि हसता हसता रडायला लागले. आतडी आपल्या वेळेला सुरू होतात, सुनेचा त्यात संबंध नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

डोळे पुसून मी दाराशी आले. मामंजी खाकरले नाहीत. भिंतीकडं नाही, बाटलीकडंही नाही, माझ्याकडं बघून म्हणाले,

"सरला की गं पोरी. ये आत, रडू नगंस."