भरीत पार्टीपायी चुकवलेलं तिसरं इंजेक्शन

माझ्या डाव्या डोळ्यातला निम्मा उजेड काचबिंदूने कधी नेला, मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी नरडाण्याच्या स्टेशनाबाहेर एका हातगाडीला धडकून तिच्यावरून सांडलेले पेरू वेचत होतो. तपासणीत उजव्यातही तोच रोग निघाला. धुळ्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं." आणि उजव्या डोळ्यात साचणारं पाणी निघून जावं म्हणून ऑपरेशन करून त्यांनी बारीकशी वाट काढली.

पुढचं ऐकून मी चक्रावलो. "शरीराला ती वाट म्हणजे जखम वाटते. ते ती बुजवायला धावतं. म्हणून दर शुक्रवारी डोळ्यात, वरच्या पातळ पडद्याखाली एक इंजेक्शन. हे औषध ती जखम भरू देत नाही."

मी जोरजोरात मान डोलावली. काही कळलं नाही की मी जास्तच डोलावतो.

दोन इंजेक्शनं पार पडली. बधिर करणारे थेंब घालतात, फारसं दुखत नाही. तरी मी सिस्टरचा हात धरून बसायचो. "काका, सोडा. मला याच हाताने काम करायचंय."

तिसऱ्याच्या आदल्या दिवशी वरणगावहून साडू आले, पोतंभर वांगी घेऊन. म्हणजे शेतात भरीत पार्टी. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजावीत तर मीच, असा तालुक्यात नसला तरी माझ्या मनात माझा लौकिक आहे. सकाळी आरशात डोळा पाहिला. लाली नाही, ठणका नाही. जखम भरली, मग सुई कशाला? घरी "धुळ्याला जातो" सांगून निघालो, तो थेट शेतात. तिथून दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, गाडी चुकली हो."

तेवढ्यात साडू मागून ओरडले, "भाऊ, वांगी उलटवा, करपताहेत!"

दुपारी बायको ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या पुऱ्यांचा डबा घेऊन शेतात आली, तेव्हा मी वाकून जाळावर फुंकर घालत होतो. धुराने डोळा लालबुंद.

"तुम्ही धुळ्याले गयथात ना?"

"अगं, जखम भरी गयी."

"तुम्हनं डोकं ठिकाने शे का? डोयापेक्षा भरीत मोठं शे का?"

साडू वांग्याची देठं मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला धुळ्याला नेलं. सिस्टरने दारातच विचारलं, "उलटली का वांगी वेळेवर?" डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. "जखम तर छान भरतेय."

मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"म्हणजेच वाट बुजतेय. दाब वाढलाय. पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबला असतात, तर हा डोळाही डाव्याच्या मागे जायला लागला असता."

त्यांनी सुईच्या टोकाने ती वाट मोकळी केली, इंजेक्शन दिलं आणि बाहेर बाकावर बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, समोर भिंत. बायको डाव्या बाजूला बसली होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या, पण ती दिसत नव्हती. मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे दिसली. डबा मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती.

तासाभराने दाब उतरला. मग एकही शुक्रवार चुकला नाही. चुकवायची सोयच नव्हती, ती बरोबर असायची.

शेवटच्या इंजेक्शनानंतर शेजारच्या अक्कांनी अंगणातून विचारलं, "भरनी का वं जखम?"

"नही भरनी, देवनी कृपा!" बायको म्हणाली आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

अक्कांनी पेढा खाल्ला, पण माझ्याकडे फार दयेने पाहिलं. उजव्या डोळ्याने मला ते स्वच्छ दिसलं.