कांदळाची मुळं आणि खाचांची काठी

ही पोस्ट मी तीन आठवडे टाळली. आधी म्हटलं फोटो निवडू, मग म्हटलं बॅग रिकामी करू, मग मधेच दोन दिवस भेडाघाटला भटकून आले. खरं कारण असं की या सहलीत मी एक वस्तू विसरले, आणि त्यानं नुकसान माझं नाही, ताईचं होणार आहे.

माझी ताई जबलपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिचा प्रकल्प: खाडीतल्या कांदळाच्या मुळांवर कोणतं शेवाळ किती उंचीवर वाढतं. समुद्रापासून एवढं लांब राहून हा विषय काहून घेतला, हे गोरखपूर बाजारातल्या भाजीवाल्या भैयांनीसुद्धा विचारून झालंय. निघायच्या चार दिवस आधी ती मदन महलच्या उतारावर स्कूटीवरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये.

“छोटी, तू जा,” ताई म्हणाली. “तशी पण तू घरात कुठे टिकून राहिली?”

“तिला?” आई स्वयंपाकघरातून. “ती दूध आणायला जाते अन् दमोहला पोहोचते.”

“एक बार हुआ था, आई!”

ताईनं परवानगीचं पत्र दिलं (कांदळवनातून पानसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, जाणार असाल तर लक्षात ठेवा), एक ट्रे, जाड कागद, जुनी सुती ओढणी आणि रद्दीचा गठ्ठा. शेवाळ ट्रेमधल्या पाण्यात पसरायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं, वर ओढणीचा तुकडा, मग रद्दीत दाबायचं. रद्दी रोज बदलायची. “अन् उंची लिही,” ती तीनदा म्हणाली. “उंचीशिवाय ते सगळं म्हणजे नुसता कचरा.”

जबलपूरहून मुंबई, तिथून कोकणची गाडी. रत्नागिरीला चहाला उतरले आणि एका आजोबांशी फणसावर बोलत बसले. गाडी हलल्यावर पळत चढले. कुडाळला उतरून एसटीनं मालवण, पुढे रिक्षा. रस्ता चांगला आहे, पण वळणांवर पोट सांभाळा. कर्ली खाडीच्या काठावर होमस्टे, दोन वेळच्या जेवणासकट हजार रुपये. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं असं, की मी कामच विसरले. पहिला दिवस त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेच्या काकांनी ठरवून दिलेली यशोदामावशी होडी घेऊन आली. पन्नाशीची बाई, मुळांवरची कालवं काढून विकते. कांदळाची मुळं खोडातून निघून कमानीसारखी चिखलात उतरतात, जणू झाड उठून चालायच्या बेतात आहे. मला ते झाड लगेच आवडलं. लांबून ती मुळं नुसती मळकी दिसतात. जवळ गेलं की कळतं, तिथे पूर्ण मोहल्ला राहतो. वर जांभळट-काळी लोकर, टोकं आत वळलेली. त्याखाली बोटाच्या नखाहून लहान पानांच्या साखळ्या, वायरसारख्या फाटे फुटलेल्या. अजून खाली मण्यांच्या माळा, आणि मधे मधे हिरवे केस. फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून पाहिलं तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मी ज्याला आयुष्यभर काई म्हणून पाय वाचवत आले, ते हे!

तीन तास मी मुळामुळाशी वाकून शेवाळ काढलं आणि उंची लिहिली. पाण्यापासून एक वीत वर. पाण्यापासून दोन वीत. पाण्याला लागून.

मावशीनं वहीत डोकावलं. “पाण्यापासून? खंयच्या पाण्यापासून गो? धा वाजताच्या काय आत्ताच्या?”

मी वळून पाहिलं. सकाळी जे मूळ बुडालेलं होतं, ते कमरेपर्यंत उघडं पडलं होतं. घरी नदीवर, ग्वारीघाटावर, आम्ही असंच सांगतो: पाणी आज चौथ्या पायरीला आहे, आणि बरगी धरणाचं पाणी सोडलं नाही तर ते संध्याकाळीही तिथेच असतं. नदीवाल्यांची सवय, मी मावशीला सांगितलं. तीन तासांची वही फुकट.

“तुमची न्हंय एकाच बाजून व्हावता?” मावशी हसत होती. “मगे ती परत कधी येता?”

“नदी परत नाही येत.”

“अरे देवा! मगे खंय जाता सगळा पाणी?”

“तुमच्याच समुद्रात, मावशी.”

“माका बघूक होयी ती. माझो भाचो फौजेत आसा, तुझ्याच जबलपुराक.”

तिसऱ्या दिवशी मी गोव्याला जायचं ठरवलं होतं. मैत्रिणीचे मेसेज येत होते: स्कूटर तयार आहे, कुठे आहेस? मी दोनदा बॅग भरली, दोनदा उपसली. मग मावशीकडे गेले. ती म्हणाली, पूर्ण ओहोटी बघायची तर सहा तास एका जागी बसावं लागेल.

सहा तास! मी सिनेमाच्या मध्यंतरातून परत न येणारी मुलगी आहे.

मावशीनं स्वतःच्या छातीएवढी बांबूची काठी मुळाशेजारी चिखलात टेकवली. पाणी उतरेल तसं जे शेवाळ उघडं पडेल, त्याच्या उंचीला कोयतीनं खाच. शेजारी मी मार्करनं मुळाचा आणि त्या शेवाळाच्या कागदाचा नंबर टाकायचा. पाच मुळं झाली की होमस्टेवर जाऊन आरामात टेपनं मोजायचं. चिखलाच्या हातांनी वही उघडायलाच नको. मी चुळबुळले, पायांना मुंग्या आल्या, मैत्रिणीला सतरा मेसेज टाकले, पण बसले. शेवटची खाच पडली तेव्हा मला असं वाटलं की मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं.

मग काठावर पाणमांजर दिसलं. पिल्लासकट. मी होडीतून उडी मारून त्याच्यामागे पळाले, फोटो काढले, तिथूनच चालत होमस्टेवर आले, रद्दी बदलली, आणि संध्याकाळी घरची गाडी पकडली. काठी होडीत.

घरी ताईनं एकेक कागद उजेडात धरला. “मस्त वाळवली गं, छोटी. रंगसुद्धा राहिला.” मग म्हणाली, “अन् उंची?”

मी काठीचं सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त प्लास्टरवर पेनानं रेघा ओढत राहिली.

मावशीचा नंबर मी घेतलाच नव्हता. होमस्टेच्या काकांना चार फोन केले. ते म्हणाले, ती होडी वर ओढून ठेवून कुठे तरी गावाला गेलीय, सांगून नाही गेली. माझा पत्ता तेवढा रजिस्टरमधून लिहून घेऊन गेली, का ते माहीत नाही. मला वाटलं, शिव्यांचं पत्र येणार. प्रकल्प जमा करायला आता आठ दिवस आहेत. म्हणून आज शेवटी लिहायला बसले: जाणार असाल तर ओहोटीचं वेळापत्रक बघा, मोजायचं ते चिखलापासून मोजा, आणि पाणमांजर दिसलं तरी आधी सामान उतरवा. मला आता ती मुळं रोज आठवतात. चालायच्या बेतात असल्यासारखी, पण जागा न सोडणारी.

थांबा, बेल वाजली. आई दारातून ओरडतेय, “छोटी, बाहेर ये वो! फौजी भैयासोबत कोणी बाई आल्या आहेत. नदी कुठे आहे विचारून राहिल्या. अन् बाप्पा, हातात ही एवढी काठी!”