नॉर्मन सरदाराची पाठ

मी आयुष्यात एकच नाटक लिहिलं. विशीत होतो, सोलापुरात गिरणीच्या हापिसात कारकून होतो, आणि अक्कल बेताची असली तरी हौस दांडगी होती. गोष्ट साहेबाच्या मुलखातली, फार जुन्या काळची. स्कॉटलंडची एक तलवारबाज बाई चालून आलेल्या नॉर्मन सरदाराला लोळवते, त्याच्या छातीवर गुडघा रोवते, आणि तो तिथंच तिच्या प्रेमात पडतो. स्कॉटलंड कुठं आहे हे आमच्या नाटकमंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मंडळीच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "हे फसलं, तर पुन्हा लेखणी धरायची नाही."

नायिका मीच झालो, कारण मंडळीत मिशी न फुटलेला मी एकटाच. नऊवारीचा कासोटा आणि खांद्यावर विणकराच्या घरून आणलेली चौकड्यांची चादर. सरदार मात्र धिप्पाड हवा, म्हणून गिरणीत मागावर काम करणारा एक पैलवान गाठला, मूळचा मंद्रूपचा. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून त्याला चिलखत केलं. प्रेमाची भाषणं त्यानं बिनचूक घोकली. पण सरावात पडायची वेळ आली की गडी पोटावर पडायचा.

"अरे, उताणा पड!"

"तुमी लई शिकलेली मानसं. पाठ टेकली की कुस्ती गेली. वस्ताद म्होरं बसनार हायेत."

ऐनवेळी पडेल उताणा, म्हणून मी विषय सोडला. तिथंच चुकलो.

खेळ रविवारी दुपारी होता. पहिल्या रांगेत त्याचे वस्ताद, मागं आखाड्यातले सगळे पैलवान. मी तलवार हाणली आणि सरदार पालथा पडला. आता छाती कुठून आणू? नाइलाजानं त्याच्या पाठीवर बसलो आणि ओरडलो, "हरलास, परक्या!"

"पाठ लागली न्हाय!" मागून आरोळी आली. "कुस्ती चालू हाय!"

झालं! सगळं थेटर तेच ओरडायला लागलं. कुस्ती निकाली निघेना, त्यामुळं प्रेम सुरू होईना. अध्यक्ष पडदा पाडायची खूण करू लागले. वर्षभर जागून लिहिलेलं सगळं बुडालं, असं वाटून मला खरंच रडू कोसळलं.

तेवढ्यात माझ्याखालचे पत्रे खडखडले. सरदार हळूहळू वळला आणि सगळ्यांसमोर उताणा झाला.

मागं पैलवानांनी एकच गलका केला. वस्ताद उठून उभे राहिले.

"गप बसा रं," ते आपल्या पैलवानांना म्हणाले. "बाईफुडं पाठ टेकली त्याला कुस्ती म्हनत न्हाईत, संसार म्हनत्यात."

थेटर हसून लोटपोट झालं. पुढचं प्रेम यथासांग पार पडलं.

नंतर चिलखत सोडवताना मी त्याला विचारलं, "का रे वळलास?"

"तुमी रडत हुता की," तो खाली बघत म्हणाला. "पत्र्याच्या फटीतनं मानंवर पानी गळत हुतं. येवढा मानूस रडतोय, आन् म्या पाठ जपत बसू व्हय?"