पोळ्याचा गोंडा आणि मायची तांबडी

अन्याय माझ्या मायवर झाला. कधी, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी पाट्यावर मसाला वाटायला घेतला तेव्हा. केला माझ्या बाबांनी. मोर्चाच्या पत्रकात मी असं बेधडक लिहिते, जबाबदार कोण ते आधी सांगा म्हणते. घरच्या माणसाबद्दल लिहिताना मात्र हात अडतो. तरी लिहिते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, आमच्या गावात घरोघरी कोंबडीचा रस्सा शिजतो. त्या सकाळी मायची तांबडी कोंबडी अंगणाच्या कोपऱ्यात मान आखडून उभी होती. समोर टाकलेली ज्वारी पाहीना. पिल्लं तिच्या पायांत घोटाळत होती. कोंबडी दाणे गिळून आधी गळ्याखालच्या पिशवीत साठवते. तांबडीची ती पिशवी मोसंबीएवढी फुगली होती आणि हाताला टणक लागत होती.

"मरून राह्यली ते," बाबा म्हणाले. "मेल्यावर फेकाच लागन. आजच कापू."

"कोंबडी माही आहे. मले इचारलं?" माय म्हणाली.

"तुही? अन् तू कोणाची?" बाबा हसले.

मसाल्याच्या हातानेच मी उठले. "बाबा, घर तुमच्या नावावर, वावर तुमच्या नावावर. या घरात मायचं म्हणावं असं…"

"भाषण मंग देजो," माय म्हणाली. "आंधी टोपलं आण."

तेवढ्यात शेजारची काकू कुंपणावरून डोकावली. "पाय धरून उलटी लटकव अन् पिशवी दाब. सारं तोंडातून पडते." मायने पाय धरलेच होते. मी ओरडले. पशुपालनाच्या शिबिरात मिळालेलं पत्रक मी वाचलं होतं: उलटं धरून दाबलं की पिशवीतलं पाणी श्वासनळीत शिरतं आणि कोंबडी गुदमरते. काकू म्हणाली, "कागद वाचून कोंबडी वाचते काय वं?" पण मायने पाय सोडले.

मग मायने चोच उघडून पाहिलं. जिभेमागे एक हिरवा, चकचकीत धागा चिकटला होता. दोघींनाही एकदमच कळलं. आदल्या संध्याकाळी गावातल्या बैलजोड्या दारोदार फिरल्या होत्या. मायने उंबऱ्यावर बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली. बैलांच्या शिंगांना नायलॉनचे गोंडे होते, त्यांचे धागे झडत होते. आम्ही बैल पुजले आणि अंगण तसंच सोडून झोपलो. उजाडताच तांबडीने ते तुकडे वाळल्या गवताबरोबर टिपले. "अळी समजून खाल्लं असन बिचारीनं," माय म्हणाली. मी धागा ओढायला बोटं पुढे केली तर तिने मनगट धरलं. "ओढू नको, आतून फाटन."

बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सवलत दिली. स्वतःच्या कोंबडीसाठी मायला एक दिवस मागून घ्यावा लागला, हे मी विसरत नाही.

मायने तांबडीला टोपल्याखाली एकटी ठेवली. दाणा बंद, फक्त पाणी. मग मांडीवर सरळ बसवून चोचीच्या कडेला जवसाच्या तेलाचे थोडे थेंब सोडले, एक गिळू दिला की दुसरा. नंतर फुगलेली पिशवी बोटांनी हलक्या हाताने चोळत राहिली, बाळाचं पोट चोळावं तशी. मी टोपल्याजवळ बसून होते. मोर्चात ओरडणं मला जमतं. हे नुसतं थांबणं जड गेलं. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा चोळणं. पिशवी अजून घट्टच होती. "सकाळी अशीच राह्यली तर दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं. माय म्हणाली, "तुह्ये बाबा नेऊ देतीन तवा." वाटलेला मसाला वांग्यात गेला. बाबा तेच जेवले.

उजाडताच मायने टोपल्याखाली हात घातला. मग माझा हात धरून आत नेला. पिशवी सैल होती, रिकाम्या थैलीसारखी. खाली विष्ठेत हिरवे धागे होते.

बाबा दारात दात घासत उभे होते. "वाचली काय? मंग पुढच्या पाडव्याले."

"पुढच्या पाडव्याले मले इचारजा," माय म्हणाली. त्यांच्याकडे न पाहता तिने पिल्लं तांबडीजवळ सोडली. बाबा या वेळी हसले नाहीत.

धागे लहान होते म्हणून निभावलं. प्रत्येक वेळी तेल आणि बोटं पुरतील असं नाही. पण मला खुपतं ते दुसरंच. कोंबडीच्या गळ्यात काय अडकलं ते आम्ही चोच उघडून पाहिलं. मायच्या गळ्यात इतकी वर्षं काय अडकून आहे, ते पाहायला कोणी वाकलं नव्हतं. मीही नाही.

तुमच्याकडून मला हळहळ नको. पोळा झाला की झोपण्याआधी अंगण झाडा, नायलॉनचा एकेक धागा वेचा. आणि घरातल्या बाईची कोंबडी कापायची असेल तर सुरी बाजूला ठेवून आधी तिला विचारा. ती नाही म्हणाली, तर नाही.